नवा प्रोसेसर घ्यायचाय? आधी सॉकेट बघा, नाव नंतर

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सांगली-मिरजेत जुने पीसी बदलायची लाटच आली. मार्केट यार्डातले अडते, कुपवाड एमआयडीसीतले वर्कशॉपवाले, लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ, हॉस्टेलवर राहणारी इंजिनिअरिंगची पोरं, सगळे एकच विचारतात: "नवीन जनरेशन आलीय म्हणे, तीच घेऊ का?"

मी उलट विचारतो, "कुठल्या बोर्डावर?" प्रोसेसर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. मदरबोर्ड बदलायचा म्हणजे अख्खा पीसी उसवायचा, विंडोजच्या लायसनची कटकट निस्तरायची, आणि रॅमची पिढी बदलली असेल तर रॅमही नवी घ्यायची. खरा खर्च तिथं होतो. म्हणून पाच-सहा वर्षांचा विचार करून आधी सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आणि बोर्ड ठरवायचा, आणि त्यावर आज परवडेल तो प्रोसेसर बसवायचा. दुकानात बहुतेकांचं नेमकं उलटं चालतं.

आधी जुनाच पीसी तपासा

विंडोज ११ला ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २०००च्या पुढचा प्रोसेसर लागतो, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. "हा पीसी चालणार नाही" असा मेसेज आला की लोक लगेच नव्याचं कोटेशन मागायला निघतात. पुष्कळदा टीपीएम फक्त बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावानं सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावानं. चालू करा, सेव्ह करा, पुन्हा तपासा.

पीसी हळू चालतोय एवढीच तक्रार असेल आणि आत अजून हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाका. टॅली आणि ब्राउझर चालवणाऱ्याला त्यानं जेवढा फरक जाणवेल तेवढा नव्या प्रोसेसरनंही जाणवणार नाही.

एएमडीचा एएम४ बोर्ड असेल तर तुमचं नशीब जोरात आहे. २०१७ साली पहिला रायझन ज्या सॉकेटवर आला, त्याच सॉकेटवर २०२२ साली ५८००एक्स३डी आला. बायोस अपडेट करून अगदी सुरुवातीच्या अनेक बोर्डांवरही रायझन ५००० मालिका चालते. जुना रायझन ३ किंवा ५ काढून ५६०० किंवा ५७००एक्स बसवा. रॅम तीच, बोर्ड तोच.

एक सावधगिरी. कंपन्यांमधून निघालेले जुने पीसी "आय-सेव्हन आहे, फास्ट आहे" म्हणून विकले जातात. आय-सेव्हन हे नुसतं घराणं झालं. त्यातला आकडा बघा. २६०० किंवा ३७७० असेल तर तो २०११-१२चा माल आहे आणि विंडोज ११च्या यादीत बसत नाही.

नव्या पिढीकडून किती अपेक्षा ठेवायची

एएमडीकडे एएम५ हे सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये रायझन ७०००सोबत आलं. पिना आता प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, १७१८. रॅम फक्त डीडीआर५ पिढीची. ऑगस्ट २०२४मध्ये त्याच सॉकेटवर रायझन ९००० आले. एकाच क्लॉकला (तेवढ्याच वेगावर) सरासरी १६ टक्के जास्त काम, असा कंपनीचा दावा होता. परीक्षणं आली तेव्हा काही कामांत तो खरा ठरला, गेममध्ये मात्र ७००० आणि ९०००मधला फरक बराच किरकोळ निघाला. अपवाद एक्स३डी प्रोसेसरचा. त्यांच्यात जास्तीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, असते आणि गेममध्ये ती खरोखर दिसते. नोव्हेंबर २०२४चा ९८००एक्स३डी त्यासाठीच नावाजला गेला. टॅली किंवा कोरलड्रॉवाल्यानं त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

इंटेलनं ऑक्टोबर २०२४मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिका आणली. आय-थ्री, आय-फाइव्ह ही नावं इथं संपली. सॉकेट नवं, एलजीए १८५१, आणि इथंही फक्त डीडीआर५. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं, म्हणजे दोन थ्रेड, चालवायची सोय) काढून टाकलं आहे, त्यामुळे २० कोअरच्या २६५केमध्ये थ्रेडही २०च. वीज आधीच्या पिढीपेक्षा कमी खातो, रेंडरिंग चांगलं करतो, पण गेममध्ये बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागं राहिला. बॉक्सवर एआयचा गाजावाजा आहे खरा. त्यातल्या एनपीयूची, म्हणजे एआयसाठीच्या भागाची, ताकद १३ टॉप्स, आणि मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी किमान ४० लागतात. त्या एका शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

इंटेलचं बारावी ते चौदावी पिढी असलेलं एलजीए १७०० अजून बाजारात आहे आणि त्यात डीडीआर४चे बोर्डही मिळतात. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर हा पर्याय आजही वाईट नाही. पण तेराव्या-चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे चिप हळूहळू खराब होण्याचा दोष निघाला होता. इंटेलनं ऑगस्ट २०२४पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि बाधित मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घेतलात तर विंडोज टाकायच्याही आधी बायोस अपडेट करा. सेकंडहँड आय-नाइन तर मी कुणाला सुचवतच नाही. तो आधी कुठल्या बायोसवर किती दिवस पळालाय, कुणाला माहीत?

आता सॉकेटचा हिशेब. एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा राहील असं एएमडीनं जाहीर केलंय. इंटेलची पुढची पिढी, नोव्हा लेक, २०२६च्या अखेरीस अपेक्षित आहे आणि ती वेगळ्या सॉकेटवर येणार असल्याच्या बातम्या आहेत. म्हणजे आज १८५१चा बोर्ड घेणाऱ्यानं त्यावर पुढं फार काही बसेल अशी आशा धरू नये. तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५. पीसी एकदा घेऊन जाईपर्यंत वापरणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या आणि कामाला योग्य ते स्वस्तात मिळेल ते घ्या.

काम कुठलं?

हिशेब, जीएसटीचं रिटर्न, पावत्या छापणं: एएम५वरचा ८५००जी किंवा इंटेलचा सगळ्यात साधा, ग्राफिक्स असलेला प्रोसेसर भरपूर झाला. ८५००जीबद्दल एवढंच लक्षात असू द्या की पुढं ग्राफिक कार्ड टाकलंत तर त्याला फक्त चार लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, मिळतात. मुलगा पुढं गेम खेळणार असेल तर ७६०० किंवा ९६०० घ्या.

व्हिडिओवाल्यांचं प्रकरण वेगळं. "दादा, ग्राफिक कार्ड टाकलंय की, तरी टाइमलाइन अडकतीय" ही तक्रार लग्नसराईत हमखास येते. मी आधी कॅमेरा कुठल्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो ते बघतो. हल्लीचे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी हा रंगांची जास्त माहिती ठेवणारा, दाबलेला फॉरमॅट देतात. ते हार्डवेअरमधून उलगडायची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला अकराव्या पिढीपासून आहे. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ती नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्यामुळे जुनं कार्ड वापरत राहणार असलेल्या एडिटरला इंटेल सोयीचं पडतं. फक्त मॉडेलच्या शेवटी एफ नको. एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही, आणि हजार-दोन हजार वाचवायला गेलेला माणूस नेमकी तीच गोष्ट गमावतो. घेतल्यावर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू आहे ना ते बघा. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात.

कॅडमध्ये मॉडेल फिरवणं, स्केच बदलणं हे मुख्यतः एका कोअरच्या वेगावर चालतं. तिथं २४ कोअर घेऊन उपयोग नाही. सहा किंवा आठ वेगवान कोअर आणि भरपूर रॅम हवी. कोरलड्रॉचंही तसंच.

वर्कशॉप आणि प्रेसवाल्यांनो, एवढा भाग दोनदा वाचा. सीएनसी मशिनला प्रोग्रॅम सिरियल केबलनं पाठवत असाल तर नव्या बोर्डांच्या मागच्या बाजूला ते पोर्ट बहुधा नसतं. बऱ्याच बोर्डांवर आत कॉम हेडर असतो, त्याला पट्टीची केबल वेगळी घ्यावी लागते. मॅन्युअलमध्ये तो आहे का ते आधी पाहा. जुन्या मशिनचं पीसीआय कार्ड नव्या बोर्डात बसतच नाही, त्याचा स्लॉटच गायब झालाय. मराठी डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल पॅरलल पोर्टचं असेल तर तेही अडणार. आणि विंडोज ७ या बोर्डांवर टाकायचा विचार सोडा, ड्रायव्हरच मिळत नाहीत. अशा ठिकाणी जुना पीसी त्या एका मशिनपुरता इंटरनेट काढून तसाच ठेवा आणि नवा पीसी डिझाइनसाठी घ्या.

बोर्ड

नवं नाव म्हणजे नवी वस्तू असं इथं मुळीच नाही. एएम५च्या बोर्डांत बी६५०, एक्स८७० आणि बी८५०, तिन्हींत चिपसेटची, म्हणजे यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणारी, मूळ चिप एकच. एक्स८७०ई असेल तर तशा दोन. बदलल्यात त्या अटी: एक्स८७०वर यूएसबी ४ सक्तीचं केलं, बी८५०वर एम.२चा (एसएसडीचा) एक जेन ५, म्हणजे पाचव्या पिढीचा, स्लॉट सक्तीचा केला. साधा, चांगला वीजपुरवठा असलेला बी६५० बोर्ड स्वस्तात मिळाला तर रायझन ९००० त्यावर तितकाच पळतो. जेन ५ एसएसडीचा फरक मोठ्या फाइल कॉपी करताना दिसेल, विंडोज उघडताना नाही. बी८४० मात्र नावानं फसवणारा आहे. आकडा बी८५०च्या शेजारचा आणि कुवत त्याहून बरीच खाली, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) नाही आणि चिपसेटच्या लेन जेन ३च्या.

इंटेलकडे झेड८९०, बी८६० आणि एच८१०. प्रोसेसरच्या नावाशेवटी के नसेल तर झेड घ्यायची गरज नाही.

बोर्ड हातात घेऊन बघायच्या गोष्टी थोड्याच. प्रोसेसरच्या बाजूच्या व्हीआरएमवर (वीजपुरवठ्याच्या भागावर) धातूचे हीटसिंक आहेत का? आठ कोअर किंवा वर जाणार असाल तर हवेतच. रॅमचे स्लॉट दोन की चार? मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का? हे बटण माझ्या दृष्टीनं वायफाय ७पेक्षा जास्त मोलाचं आहे. दुकानात सहा महिने पडलेला बी६५० नवा प्रोसेसर ओळखतोच असं नाही, आणि बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही बायोस चढवता येतो. आणखी एक, मॅन्युअलमधला लेनचा तक्ता. काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की ग्राफिक कार्डाचा स्लॉट सोळावरून आठ लेनवर येतो. हे बॉक्सवर कुणी छापत नाही.

रॅम आणि एसएमपीएस

२०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली, आणि मायक्रॉननं तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. त्यामुळे आठवड्यापूर्वीचं कोटेशन आज चालेलच असं धरू नका.

घ्यायची कशी? दोन कांड्यांचा एकच संच. "आत्ता १६ची एक घेतो, पुढं बघू" हे डीडीआर४ला खपून गेलं, डीडीआर५ला जड जातं. रायझन ९०००ला दोन कांड्यांवर अधिकृत वेग ५६०० आहे आणि चार कांड्या भरल्या की तो ३६००वर येतो. एएम५साठी ६०००ची रॅम सगळ्यात सोयीची. त्यापुढचे आकडे हौसेचे.

एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, कॅबिनेटसोबत फुकट आलेला नको. किमान ८० प्लस ब्राँझचा घ्या. लाइट कमी-जास्त होत असेल तर यूपीएसही हवा, मात्र नव्या चांगल्या एसएमपीएसला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मानवत नाही, बॅकअपवर जाताना पीसी बंद पडतो. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग करा.

दुकानात

सांगलीत मिळेल तेवढं सांगलीतच घ्या, हे माझं मत. ऑनलाइन थोडं स्वस्त असतं, पण बोर्ड बिघडला की कुरिअर, फोटो, ईमेल यांत महिना जातो. तीन ठिकाणी कोटेशन मागा, मॉडेलचं पूर्ण नाव लिहून. "गिगाबाइटचा बोर्ड" असं कोटेशन काही कामाचं नाही. भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते विचारा. धंद्याच्या नावानं बिल घेतलं तर त्याचं क्रेडिट मिळतं.

प्रोसेसर बॉक्समधला की ट्रेचा (सुटा), हेही विचारा. बॉक्सच्या मालाला कंपनीची थेट तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेच्या मालाची हमी विकणाऱ्याच्या शब्दावर. कूलर सोबत आहे का? ९६००एक्स, ९७००एक्स आणि इंटेलच्या के मॉडेलसोबत तो येत नाही. जुना एएम४चा कूलर बहुधा एएम५वर बसतो, १७००चा बहुधा १८५१वर.

आणि बोर्डाचा बॉक्स तिथंच, दुकानदारासमोर उघडा. सॉकेटवरची काळी टोपी काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. पिनांच्या रांगा एकसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जागा काळी दिसली किंवा ओळ मोडल्यासारखी वाटली तर पिन वाकलेली आहे. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि घरी नेल्यावर ती कुणी वाकवली याचं भांडण तुम्ही जिंकत नाही.

जोडणी आणि पहिला स्टार्ट

जुना बोर्ड काढण्याआधी विंडोज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बोर्ड बदलला की टीपीएम बदलतं आणि डिस्क कुलूपबंद होऊ शकते. ब्रँडेड पीसीसोबत आलेलं लायसन नव्या बोर्डावर सहसा चालत नाही, तो खर्च धरून चाला.

प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यातला त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवायचा, अलगद ठेवायचा, घासायचा नाही. खटका लावताना करकर आवाज येतो, तेवढा जोर लागतोच, घाबरू नका. कूलरखाली लावायची पेस्ट वाटाण्याएवढी. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅम प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यात लावायची राहते, आणि मग पंखे फिरतात पण पीसी उठत नाही.

पीसी उठत नाही म्हणून आलेले फोन यापेक्षा जास्त एका साध्या गोष्टीचे असतात. डीडीआर५चा बोर्ड पहिल्यांदा चालू केला की तो रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो. पंखे फिरतात, बोर्डावर डीरॅमचा पिवळा-केशरी दिवा लागलेला असतो, स्क्रीन काळी. एएम५वर रॅम जास्त असेल तर हे काही मिनिटं चालतं. मध्येच पीसी स्वतः बंद होऊन चालू होतो. माणूस घाबरून बटण दाबतो, ट्रेनिंग अर्धवट राहतं, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिल्यांदा बटण दाबलं की उठून चहा टाका. पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर एकच कांडी ठेवून बघा.

स्क्रीन आली की आधी बायोस अपडेट. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करायची आणि बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची नेमक्या त्याच मॉडेलची फाइल टाकायची. मॉडेलमधलं वायफाय, रिव्हिजन सगळं जुळलं पाहिजे. चालू असताना लाइट जाऊ देऊ नका, यूपीएसवर करा. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी जळाले, तेव्हा प्रोसेसरमधल्या एसओसी भागाचा व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखणारी दुरुस्ती बायोसमधूनच आली होती.

त्यानंतर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमला तिचा छापलेला वेग देणारं सेटिंग) चालू करा. हे न केल्यास ६०००ची रॅम ४८०० किंवा ५६००वरच पळते, आणि दुकानात जास्तीचे दिलेले पैसे वाया जातात. चालू केल्यावर पीसी पुन्हा थोडा वेळ ट्रेनिंग करेल.

तापमानाचा बाऊ नको. रायझन ७००० आणि ९०००च्या बऱ्याच मॉडेलांना ९५ अंशांपर्यंत चालायची मुभा आहे, कोअर अल्ट्राला १०५. एप्रिल-मेमधल्या आपल्या उन्हात रेंडर करताना ८५-९० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. रिकाम्या पीसीला ७० दिसलं तर कूलर नीट बसलेला नाही, किंवा खालचा प्लास्टिकचा कागद काढायचा राहिलाय. ९७००एक्ससारख्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला मध्यम एअर कूलर पुरतो. २८५के मात्र २५० वॅटपर्यंत जातो, त्याला मोठाच कूलर लागतो.

हळद पेठेत पीसी असेल तर जाळीचा फिल्टर असलेलंच कॅबिनेट घ्या आणि तो फिल्टर दर महिन्याला धुवा. ती बारीक पिवळी धूळ हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते आणि ब्लोअरनंही पूर्ण निघत नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवायचं नाही, टेबलावर. गावभागातल्यांना याचं कारण सांगायला नको, २०१९ आणि २०२१चा पूर त्यांनी पाहिलाय.

सॉकेटवरून काढलेली ती काळी टोपी बोर्डाच्या बॉक्समध्ये टाका आणि बॉक्स बिलासकट वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. बोर्ड वॉरंटीला पाठवताना टोपी नसेल तर तो घेतला जात नाही, आणि नुसती टोपी कुठल्या दुकानात सुटी मिळत नाही.